स्थिर वेगाचा हट्ट कोणाच्या मुळावर?

मोबाइलच्या तक्रारींत एक मागणी इतक्या वेळा पुढे येते की तिला आता कोणी पुरावाही मागत नाही. ग्राहक पैसे एकसारखे भरतो, मग वेगही एकसारखा मिळाला पाहिजे. दुपारी चाळीस एमबीपीएस आणि संध्याकाळी चार, खिडकीत पंचवीस आणि स्वयंपाकघरात दीड, हे मापात पाप आहे. टॉवर क्षणाक्षणाला वेग खालीवर करतो, म्हणजे कंपनी क्षणाक्षणाला ग्राहकाला लुबाडते. सबब नियामकाने एक आकडा ठरवावा, तो प्रत्येकाला, प्रत्येक जागी, सदासर्वकाळ मिळावा, आणि ज्या कंपनीला हे जमत नसेल तिने टॉवरची ताकद वाढवावी. वाचकांच्या पत्रव्यवहारात आणि ग्राहकांच्या मेळाव्यांत हा युक्तिवाद हमखास टाळ्या घेतो.

यातला राग खरा आहे. मागणी चुकीची आहे. नुसती चुकीची असती तर सोडून देता आली असती. पण ती मान्य झाली तर सगळ्यांत आधी रेंज जाईल ती वाडीच्या शेवटच्या घरातल्या, डोंगराआडच्या ग्राहकाची. ज्याच्या नावाने ही मागणी केली जाते तोच तिचा पहिला बळी ठरेल. म्हणून तिचा समाचार घेणे भाग आहे.

टॉवरवरून निघालेली लहर फोनपर्यंत एकाच वाटेने येत नाही. समोरच्या इमारतीवर, पाण्याच्या टाकीवर, थांब्यावर उभ्या एसटीच्या पत्र्यावर आपटून तिच्या अनेक आवृत्त्या थोड्या थोड्या उशिराने पोहोचतात. काही एकमेकींत मिसळून जोर धरतात, काही एकमेकींना खोडून काढतात. आपल्याकडे ४जीसाठी वापरल्या जाणाऱ्या १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरीची लांबी साधारण १७ सेंटिमीटर असते. त्यामुळे फोन चार बोटे इकडचा तिकडे झाला तरी जिथे लहरी जुळत होत्या तिथे त्या एकमेकींना मारू लागतात. टॉवर थेट दिसत नसेल आणि सगळ्या लहरी आपटूनच येत असतील, तर या चढउताराचा हिशोब ठरलेला आहे: सिग्नल आपल्या सरासरीच्या दहाव्या हिश्श्याखाली जाण्याची वेळ साधारण दहातून एकदा येते, शंभराव्या हिश्श्याखाली जाण्याची शंभरातून एकदा. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतला प्रवासी अर्ध्या लहरीचे अंतर पाच मिलिसेकंदांत ओलांडतो. कंपनी सरकारी असो की खासगी, भिंतीवर लहर आपटणारच.

अशा वाटेने माहिती पाठवायची तर पाठवणाऱ्याच्या हातात मोजक्याच गोष्टी उरतात. सिग्नल स्वच्छ असेल तेव्हा लहरीच्या एकेका ठोक्यात जास्त बिट बसवता येतात: २५६-क्यूएएम या पद्धतीत आठ, ६४-क्यूएएममध्ये सहा. सिग्नल गढूळ असेल तेव्हा क्यूपीएसके वापरायचे, म्हणजे ठोक्यामागे दोनच बिट, आणि त्यांतलेही बहुतेक चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून जोडलेले जादाचे. ४जीमध्ये फोन टॉवरला वरचेवर कळवत असतो की आपल्याला या घडीला किती झेपेल. या अहवालाला सीक्यूआय म्हणतात. शून्य ते पंधरा यांपैकी एक आकडा. मूळ तक्त्यात पहिल्या पायरीवर ठोक्यामागे खरी माहिती सुमारे ०.१५ बिट जाते आणि पंधराव्या पायरीवर सुमारे ५.५५ बिट. छत्तीस पटींचे अंतर. कोणत्या फोनला कोणत्या पायरीने द्यायचे हे टॉवर दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवू शकतो.

ज्याला लबाडी म्हणतात ती हीच.

आता या पंधरा पायऱ्या काढून टाका आणि एकच ठेवा. कोणती ठेवाल? आठवी ठेवली तर सातवीपर्यंतच ज्याची कुवत आहे त्याला हळू मिळणार नाही; त्याला काहीच मिळणार नाही. त्याच्या फोनला येणारे ठोके उलगडताच येणार नाहीत. तो सुटू नये म्हणून पहिली ठेवली, तर टॉवरसमोर बसलेल्या माणसाला त्याच हवेतून, त्याच विजेवर, छत्तिसावा हिस्सा मिळेल आणि टॉवरचा दिवसभराचा वेळ रेंगाळण्यात जाईल. यापलीकडे तिसरा पर्याय नाही. एकसारख्या वेगाची मागणी करणाऱ्यांनी यांपैकी आपल्याला काय हवे हे एकदा सांगून टाकावे. आजवर ते सांगताना कोणी दिसत नाही, कारण दोन्ही उत्तरांना टाळ्या मिळत नाहीत.

एकच पायरी असलेली व्यवस्था कशी वागते हे कोकणातल्या कोणत्याही घराला ठाऊक आहे. डीटीएचचा उपग्रह सावंतवाडीच्या छपरावरच्या छत्रीला आणि जैसलमेरच्या छत्रीला एकच प्रक्षेपण पाठवतो. सावंतवाडीत आषाढ कोसळतो आहे म्हणून तिच्यापुरते बिट कमी करण्याची सोय त्यात नाही, आणि छत्रीकडून उपग्रहाला काही कळवायचीही सोय नाही. मग काय होते? पावसाचा जोर वाढत असताना चित्र अगदी शेवटपर्यंत चोख असते, मग एकाएकी त्याचे चौकोन पडतात आणि पडदा काळा होतो. स्थिर वेग म्हणतात तो हाच: असतो तेव्हा पूर्ण, नाही तेव्हा शून्य. याउलट डीव्हीबी-एस२ या मानकात दुहेरी उपग्रह-जोडणीसाठी अशी तरतूद आहे की जमिनीवरचे केंद्र आपला सिग्नल किती खालावला ते वर कळवते आणि त्याच्यासाठीची पायरी चौकटीगणिक बदलता येते. पाऊस तोच, आकाश तेच. एका ठिकाणी जोडणी मंदावते, दुसऱ्या ठिकाणी तुटते. मंदावणाऱ्या जोडणीला फसवी आणि तुटणाऱ्या जोडणीला प्रामाणिक म्हणायचे असेल तर म्हणावे. तातडीच्या वेळी दोहोंपैकी कोणती उपयोगी पडेल हे सांगायला नको.

यावर ठरलेले उत्तर येते: मग ताकद वाढवा. बल्ब मंद वाटला की मोठा लावतात, तसे. ही समजूत १९४८ सालीच निकालात निघाली आहे. क्लॉड शॅनन यांनी त्या वर्षी दाखवले की पट्टा तेवढाच ठेवून वेग वाढतो तो सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमने. गोंगाटाच्या शंभरपट सिग्नल असताना ताकद दुप्पट केली तर वेगाची कमाल मर्यादा जेमतेम पंधरा टक्क्यांनी वाढते. कमकुवत सिग्नलच्या जागी दुपटीचा फायदा जवळजवळ दुप्पट होतो, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण शहरात गोंगाट म्हणजे बहुतांशी शेजारचा टॉवर असतो. ४जीत शेजारी शेजारी असलेले टॉवर सहसा तोच पट्टा वापरतात. सगळ्यांनी ताकद दुप्पट केली की सिग्नल दुप्पट, शेजाऱ्याचा गोंगाटही दुप्पट, गुणोत्तर जिथे होते तिथेच. वाढते ते विजेचे बिल. शिवाय बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. टॉवर दहापट जोराने ओरडला तरी तुमच्या ४जी फोनची कमाल ताकद ०.२ वॅटच्या आसपासच राहते आणि त्याचा आवाज टॉवरपर्यंत पोहोचतो तेवढाच पोहोचतो. आणखी एक गंमत म्हणजे याच देशात टॉवरच्या किरणोत्सर्गाची भीती घेऊन माणसे रस्त्यावर आली होती आणि २०१२ मध्ये सरकारने परवानगीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. गच्चीवर टॉवर नको आणि वेग मात्र एकसारखा हवा, अशी दोन निवेदने एकाच सोसायटीच्या लेटरहेडवर निघू शकतात.

ताकदीच्या या प्रश्नाचा सगळ्यांत नेमका निकाल १९९७ मध्ये लागला. अँड्रिया गोल्डस्मिथ आणि प्रवीण वरैया यांचा चढउताराच्या वाटांवरचा तो शोधनिबंध या विषयाचा पाया मानला जातो. वरैया हे मुंबईच्या व्हीजेटीआयचे पदवीधर. पुढे बर्कलीत प्राध्यापक झाले आणि गोल्डस्मिथ तिथे त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांत आपल्या ग्राहकमेळाव्यांचा प्रश्नही होता: सिग्नल पडेल तितकी ताकद वाढवायची आणि वेग कधीच हलू द्यायचा नाही, असे केले तर? उत्तर असे की लहरी केवळ आपटून येत असतील आणि अँटेना एकच असेल, तर त्यासाठी सरासरी ताकद अनंत लागते. उलट बाजूने, ताकदीला कोणतीही मर्यादा घातली की कधीही न हलणारा आणि कधीही न तुटणारा वेग शून्य येतो. शून्य हा शब्द अलंकारिक नाही, ते गणित आहे. दोन अँटेना लावल्या की अनंत उरत नाही, असा आक्षेप जाणकार घेतील आणि तो बरोबर आहे. पण डोंगराची सावली दोन्ही अँटेनांवर सारखीच पडते. त्याच निबंधातला दुसरा निष्कर्ष व्यवहाराला अधिक उपयोगी ठरला: ताकद तीच ठेवून फक्त वेग परिस्थितीप्रमाणे बदलत राहिले, तर ताकद आणि वेग दोन्ही बदलण्याच्या तुलनेत फारच थोडे हातचे जाते. आजचे डेटा-नेटवर्क मुख्यतः वेगावर खेळते, ताकदीवर कमी, याचे समर्थन तिथे आहे.

बोलण्यापुरता स्थिर वेग चालतो, हे मान्य. आपल्याकडे रिलायन्स आणि टाटा यांनी चालवलेल्या सीडीएमए सेवेच्या तंत्रात टॉवर फोनला सेकंदाला ८०० वेळा ताकद कमी-जास्त करायला सांगे. बोलण्याला लागणारे बिट मुळात इतके थोडे की ते साधत होते, तेही ताकदीची कमाल गाठेपर्यंत. त्यानंतर फोन कटच होई. पुढे तर आवाजालाही पायऱ्या आल्या. एएमआर या पद्धतीत आवाज १२.२ केबीपीएसपासून ४.७५ पर्यंत आठ पायऱ्यांनी उतरतो. आवाजाचे बिट कमी करून वाचलेली जागा संरक्षणाला देतो. पलीकडचा माणूस जरा घोगरा ऐकू येतो, पण ऐकू येतो. त्या घोगरेपणाविरुद्ध कोणी ग्राहक न्यायालयात गेलेले ऐकिवात नाही.

‘पूर्वीचा रेडिओ बरा होता, त्याला असले चाळे ठाऊक नव्हते’ असे म्हणणारेही भेटतात. त्यांनी रेडिओ सिलोन ऐकलेला नसावा, किंवा ऐकलेला विसरला असावा. शॉर्टवेव्हवरची गाणी लाटेसारखी चढत आणि विरत. शॉर्टवेव्ह केंद्रे ऋतूप्रमाणे आणि प्रहराप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलत, कारण लहरींना परतवणारा आकाशातला आयनांचा थर दिवसा वेगळा आणि रात्री वेगळा असतो. तेव्हा जुळवून घेण्याचे काम माणूस करी: केंद्रावर एक आणि घरी बटण फिरवणारा दुसरा.

यंत्राने जुळवून घेणेही काही कालपरवाचे नाही. १९५० च्या दशकात कॅनडात जॅनेट नावाची व्यवस्था उभारली होती. आकाशात उल्का जळते तेव्हा सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर आयनांची एक रेघ उरते. ती रेघ रेडिओलहरीला परतवते, पण टिकते क्षणभर, फार तर काही सेकंद. जॅनेटची दोन्ही टोके एकमेकांकडे कान लावून बसत. पलीकडचा सिग्नल पुरेसा चढला की साठवून ठेवलेला टेलिप्रिंटरचा मजकूर झपाट्याने सोडून देत, आणि रेघ विरली की पुन्हा थांबत. बहुतेक वेळ वेग शून्य, मधूनच घाईघाईचा सपाटा. स्थिर वेगाच्या कसोटीवर ही व्यवस्था पहिल्याच दिवशी नापास झाली असती. प्रत्यक्षात हजारभर किलोमीटरवर, ना तार ना उपग्रह असताना, तिने संदेश पोहोचवले. पुढे १९६८ मध्ये हेस यांनी आणि १९७२ मध्ये कॅव्हर्स यांनी अनुक्रमे ताकद आणि वेग वाटेप्रमाणे बदलण्याचे गणित मांडले. ते पाव शतक कागदावरच राहिले, कारण इतक्या चपळाईने मोजून उत्तर देणारी यंत्रे स्वस्त नव्हती. २जीच्या काळातल्या एज या डेटा-तंत्रात नऊ पायऱ्या आल्या, खालच्या टोकाला एका टाइमस्लॉटमागे ८.८ केबीपीएस आणि वरच्या टोकाला ५९.२. तेव्हापासून आपण सगळे या चढउतारावरच जगतो आहोत.

प्रतिपक्षाचा खरोखर वजनदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो सहसा नीट मांडला जात नाही. तो असा: ठीक आहे, ज्याची जशी कुवत तशी पायरी द्या; पण टॉवरचा वेळ कोणाला किती द्यायचा हे तर निसर्ग ठरवत नाही. ते टॉवरमधला शेड्युलर ठरवतो. मग कडेच्या गरिबाला जास्त वेळ देऊन सगळ्यांचा वेग सारखा का करत नाही?

हिशोब करू. टॉवरजवळच्या फोनला एकट्याला सगळा वेळ दिला तर ७२ एमबीपीएस मिळतात आणि कडेच्या फोनला २, असे धरा. दोघेच असतील आणि वेळ निम्मा निम्मा वाटला तर जवळच्याला ३६ आणि कडेच्याला १. वेग सारखा करायचा तर ३७ पैकी ३६ हिस्से वेळ कडेच्याला द्यावा लागतो आणि दोघांनाही १.९५ मिळतात. कडेच्याचे एक एमबीपीएसही वाढले नाहीत, जवळच्याचे चौतीस गेले. पण हे उदाहरण माझ्या सोयीचे आहे, म्हणून गैरसोयीचेही घेतो. जवळचे नऊ आणि कडेचा एकच असेल, तर सारख्या वेळेत जवळच्यांना ७.२ आणि त्याला ०.२, सारख्या वेगात सगळ्यांना १.६. कडेच्याचा वेग आठपट झाला. इथे प्रतिपक्षाचे पारडे जड आहे, यात वाद नाही. मात्र आता गाव घ्या, जिथे टॉवर तालुक्याच्या रस्त्यावर आहे आणि पाच फोन जवळ, पाच कडेला आहेत. सारख्या वेळेत ७.२ आणि ०.२, सारख्या वेगात दहाही जणांना ०.३९. पाच जण बुडाले आणि उरलेले पाच तरलेही नाहीत. कडेचे लोक थोडे असतील तेव्हाच समान वेगाने त्यांचे भले होते. ते जितके जास्त, तितका हा उपाय निकामी. ज्या भागांसाठी गळा काढला जातो तिथे तर कडेलाच वस्ती असते. रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, म्हणतात ते हेच. तिथे औषध एकच आहे, दुसरा टॉवर.

समान वेग नकळत लादला गेला की काय होते हे वायफायने दाखवून दिले आहे. जुन्या ८०२.११बी वायफायमध्ये प्रत्येक यंत्राला पाकीट पाठवण्याची संधी सारखी मिळे, मग ते पाकीट ११ एमबीपीएसने जावो की १ ने. २००३ मध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी दाखवले की खोलीच्या कोपऱ्यात १ एमबीपीएसवर उतरलेला एकच लॅपटॉप बाकी सगळ्यांना आपल्या पातळीला, एक एमबीपीएसच्याही खाली, ओढून नेतो.

मोबाइलच्या शेड्युलरने मधली वाट काढली आहे. ३जीच्या काळात रूढ झालेला प्रपोर्शनल फेअर हा नियम कोणाचा वेग सर्वांत जास्त आहे हे बघत नाही; या क्षणी कोणाचा सिग्नल त्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा सर्वांत वर आहे हे बघतो. कडेच्या फोनचीही सरासरी असते आणि तोही मधूनच तिच्या वर उसळतो. नेमक्या त्या उसळीत त्याची पाळी लागते. फोन जितके जास्त, तितका कोणी ना कोणी शिखरावर असतोच. म्हणजे ज्या चढउताराला आपण शिव्या देतो तोच इथे सगळ्यांच्या पदरात थोडे थोडे जास्त टाकतो. प्रमोद विश्वनाथ, डेव्हिड त्से आणि राजीव लरोइया यांनी २००२ मध्ये तर असे सुचवले की चढउतार पुरेसा नसेल तर दोन अँटेनांमधून लहरी मुद्दाम फिरवून तो घडवावा. चढउतार नको म्हणून निवेदने देणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

तरीही नऊ-आणि-एक या हिशोबातला प्रश्न उरतोच. सारखा वेळ आणि सारखा वेग यांच्यामध्ये काटा कुठे ठेवायचा हा गणिताचा प्रश्न नाही, सार्वजनिक धोरणाचा आहे. आज तो काटा कंपनीचा अभियंता ठेवतो आणि कुठे ठेवला ते कोणाला सांगत नाही. भांडायचे असेल तर इथे भांडा.

एक आरोप मला विशेष आवडतो, कारण तो अर्धवट माहितीतून येतो: ‘दहातले एक पाकीट चुकीचे जाते हे यांना ठाऊक असते आणि तरी हे चालवून घेतात.’ चालवून घेत नाहीत, तसे ठरवूनच करतात. ४जीत पहिल्या प्रयत्नात दहा टक्क्यांच्या आसपास गठ्ठे चुकावेत अशा बेताने पायरी निवडण्याची रीत आहे. कधीच चूक होत नसेल तर टॉवर विनाकारण भित्रेपणा करतो आहे, आणि आणखी वरच्या पायरीने जाऊ शकणारी माहिती वाया चालली आहे. शिवाय चुकलेला गठ्ठा फोन फेकून देत नाही. तो जपून ठेवतो, काही मिलिसेकंदांत दुसरा प्रयत्न येतो, आणि दोन अर्धवट प्रतींतून एक पूर्ण वाचतो. टॉवर त्यातूनही शिकतो: गठ्ठा नीट पोहोचला की आपला अंदाज किंचित वर, चुकला की त्याच्या नऊपट खाली. फोनच्या अहवालावर आंधळा विश्वास न ठेवता त्याची पारख करणारी ही तजवीज नसती, तर पायऱ्यांचा सगळा डोलारा कोसळला असता.

या तंत्राला मर्यादा आहेत. वेगाने धावणाऱ्या गाडीत फोनचा अहवाल टॉवरपर्यंत जाऊन त्यावर निर्णय होईपर्यंत शिळा झालेला असतो. मग टॉवर क्षणाचा नाद सोडून सरासरीवर चालतो आणि सावध पायरी धरतो. कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यासारख्या ठिकाणी बाहेरची लहर आतच येत नाही. तिथे पंधरा काय, पंधराशे पायऱ्या ठेवल्या तरी फरक पडणार नाही. बोगद्यात वेगळी केबल किंवा वेगळ्या अँटेना लावाव्या लागतात.

आता कंपन्यांकडे वळतो, कारण वरचे सगळे वाचून त्यांचे जनसंपर्क अधिकारी खूश झाले असतील. जुळवून घेणाऱ्या तंत्राचे समर्थन म्हणजे त्याच्या आड लपणाऱ्याचे समर्थन नव्हे. ‘पावसामुळे नेट स्लो आहे’ हे उत्तर ग्राहकसेवेच्या फोनवर सर्रास मिळते. ते जसेच्या तसे खरे नाही. २ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या मोबाइल-लहरी मुसळधार पावसातही किलोमीटरमागे डेसिबलच्या शंभराव्या भागाइतक्याच घटतात. फोनला ते जाणवतही नाही. पावसाने खरा मार बसतो तो एका टॉवरला दुसऱ्याशी जोडणाऱ्या मायक्रोवेव्हच्या दुव्याला: १८ गिगाहर्ट्झला, तासाला १०० मिलिमीटरच्या पावसात, किलोमीटरमागे दहा डेसिबलच्या घरात. तो दुवाही हल्ली पायऱ्या उतरून जीव धरतो, पण अरुंद होतो, आणि मग टॉवरवर कितीही चांगला सिग्नल असला तरी आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या दुव्याऐवजी फायबर टाकणे हा कंपनीच्या खर्चाचा प्रश्न आहे, वरुणराजाचा नाही.

तसाच दुपारच्या चाळीस आणि संध्याकाळच्या चारचा. फोन त्याच खुर्चीवर, टॉवर तोच, भिंती त्याच. इतकी घसरण लहरींच्या आपटण्याने होत नाही. त्याच टॉवरवर माणसे वाढली, पट्टा तेवढाच राहिला. ही टंचाई आहे आणि तिला ‘रेडिओ परिस्थिती’ म्हणणे ही खरी लबाडी. रोजचा डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो तेही सिग्नलचे काम नाही. कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेले ते व्यापारी कुलूप आहे. रेंजच्या काड्यांचेही तेच. त्यांचे कोणतेही सर्वमान्य माप नाही; २०१० मध्ये अ‍ॅपललाच कबूल करावे लागले की आयफोनवरच्या काड्यांचे सूत्र साफ चुकीचे होते आणि फोन जास्त काड्या दाखवत होता. सिग्नल किती मोठा आहे एवढेच काड्या सांगतात. तो किती स्वच्छ आहे आणि टॉवरवर तुमच्या आधी किती जण रांगेत आहेत, हे त्यांना ठाऊक नसते.

म्हणजे ग्राहकाच्या हाती येणाऱ्या एका आकड्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: वाट कितपत देऊ देते आणि कंपनीने त्यातला किती वाटा दिला. एकसारख्या वेगाची मागणी या दोहोंची गाठ आणखी घट्ट बांधते. कंपनीला मग पहिलीचे कारण दाखवून दुसरीतून सुटता येते आणि नियामकासमोर सहज जिंकता येते, कारण पहिलीबाबत ती खरेच बोलत असते. गाठ सोडवणे मुळीच अवघड नाही. कोणत्या मिलिसेकंदाला कोणत्या फोनला कोणत्या पायरीने किती जागा दिली, हे टॉवरला माहीत असल्याशिवाय तो एक बिटही पाठवू शकत नाही.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना कुठे कोणती सेवा पोहोचते याचे नकाशे संकेतस्थळावर लावायला सांगितले. चांगले झाले. पण त्या नकाशातला रंग सिग्नल पोहोचतो एवढेच सांगतो. संध्याकाळी आठ वाजता तिथे काय मिळते हे सांगत नाही. नवे नियम करण्याआधी ट्राय सल्लामसलतीचा मसुदा काढते आणि कोणाही नागरिकाचे लेखी म्हणणे स्वीकारते. पुढचा मसुदा येईल तेव्हा ‘सर्वांना एकच वेग’ असे लिहून तो कागद वाया घालवू नका. असे लिहा: प्रत्येक टॉवरवर गर्दीच्या तासात सर्वांत मागे राहिलेल्या पाच टक्के फोनांना किती वेग मिळाला, आणि त्याच तासात त्या टॉवरची किती टक्के जागा भरलेली होती, हे दर महिन्याला जाहीर करा, आणि ज्या टॉवरची जागा महिनोन्‌महिने भरलेली आहे तिथे नवा टॉवर किंवा नवा पट्टा कधी देणार त्याची तारीख द्या.